गावाचा गुलाल
गुलालाचा वास आला की माण तालुक्यातल्या आमच्या गावची शेजारची म्हातारी आठवते. तिचा मुलगा मुंबईला. मतदानाच्या आदल्या दिवशी पॅनेलची फुकट गाडी यायची, तेव्हाच काय तो घरी यायचा. त्या वर्षी ग्रामपंचायत बिनविरोध झाली. अंगभर गुलाल घेऊन मीच तिला कौतुकानं सांगायला गेलो. मुलासाठी राखलेल्या कोंबड्याला ती दाणे टाकत होती. "म्हंजी मुंबैची गाडी न्हाई येत व्हय रं?" एवढंच बोलली आणि तिनं कोंबड्याच्या पायाची दोरी सोडली. आता माझीही मुलं मुंबईला असतात. गावात यंदाही बिनविरोधाची बोलणी चाललीत, सगळे खूश आहेत. काल कुणाला न सांगता मी दहिवडीला जाऊन विरोधात अर्ज भरून आलो.