कागदानं धुतलेलं पाणी

लग्न होऊन मी मोताळ्याला आले त्याच साली मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, पाय मोडला. दिवसभर वावरात राबणारा माणूस खाटेवर पडून भिंतीकडे बघत राही. बोलणंही त्यांनी जवळजवळ टाकलं होतं. डोळ्यांपुढे काहीतरी हलतं हवं, म्हणून मी यजमानांच्या मागे लागून काचेची पेटी करवून घेतली, ती मामाजींच्या खाटेला लागून ठेवली आणि नळगंगेतले बोटाएवढे मासे तिच्यात सोडले. मामाजींची मान त्या दिवशी भिंतीकडून वळली.

पण थोड्याच दिवसांत पाण्यावर तेलकट तवंग धरला. मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. मी पाणी बदललं, काचा घासल्या. दुसऱ्या दिवशी तवंग पुन्हा हजर.

"काऊन जीव घेतं त्याहिचा?" सासूबाई म्हणाल्या. "नेऊन दे नदीत सोडून."

"आजचा दिवस थांबा, आत्याबाई," मी त्यांना म्हणाले.

दुपारी पुऱ्या तळत होते. खाली अंथरलेला कागद तेल पीत चालला होता, तो पाहिला आणि मी कढई उतरवून तशीच उठले. वर्तमानपत्राचं कोरडं पान पाण्यावर अलगद पसरलं आणि कोपऱ्याला धरून उचललं. तवंग कागदासोबत आला! मग दुसरं पान, तिसरं. खालचं पाणी लखलखलं.

आता हे तेल येतं कुठून, ते शोधायचं होतं. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मी दाराआड उभी राहिले. मामाजींनी तेल लावलेली पोळी चुरून हळूच पेटीत टाकली.

"मामाजी!"

ते चपापले. "भूक लागत असंन ना वं त्याहिले."

"मग कोरडी भाकर द्या. अन् चिमूटभरच."

त्यांनी ते मानलं. मीही रोज सकाळी तांब्याभर पाणी पेटीतून काढून उंचावरून परत ओतू लागले, म्हणजे वरचं पाणी हलतं राही. तवंग पुन्हा धरला नाही. मासे तळाशी खेळू लागले.

सासूबाई शेजारणींना हाताला धरून घरात आणत. "पाहा वं, आमच्या सुनेनं कागदानं पाणी धुतलं!" शाळेत पहिली आले होते तेव्हाही मी इतकी ताठ चालले नव्हते.

मामाजींचं हाड जुळत आलं होतं, तेव्हा एका सकाळी मासे पेटीच्या पलीकडच्या कोपऱ्यात गेले. मामाजींनी काठी मागितली, खाटेवरून पाय खाली टेकवला आणि मला म्हणाले, "सरक पोरी, मले तिकून पाहू दे."