पदराखालचा कान

"ह्यो कान तुम्ही चित्रात का काढला?" सोजरमावशींनी विचारले.

मग त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढून उजव्या गालापर्यंत आणला. चित्र त्यांचेच होते, मी रंगवलेले. प्रदर्शनाला नऊ दिवस उरले होते.

शिरूर अनंतपाळजवळच्या एका गावाहून त्या एसटीने लातूरला माझ्या स्टुडिओत येत. वय साठीच्या पुढे. स्वतःची जमीन अजून स्वतः कसतात. चित्रकारासमोर स्थिर बसण्याला आम्ही सिटिंग म्हणतो. अशी सहा सिटिंग झाली होती. त्या आत आल्या, की टर्पेंटाइनच्या उग्र वासात कडब्याचा कोरडा, गोडसर वास मिसळत असे.

नांदेडच्या प्रदर्शनासाठी मी स्त्रियांचे बारा चेहरे रंगवत होते. बाईचे सौंदर्य कोण ठरवते, हा विषय. सोजरमावशींचे चित्र मधल्या भिंतीवर लागणार होते.

चित्र पुरे होईपर्यंत मी ते समोर बसणाऱ्याला दाखवत नाही. त्या दिवशी पहिल्यांदा ते त्यांच्याकडे वळवले. सोबत आलेली त्यांची सून सविता आधी बोलली.

"मॅडम, हनुवटीवरचं गोंदण तेवढं काढता येईल का? आन् रंग जरा उजळ..."

"गप गं," मावशी म्हणाल्या. "ते गोंदण माझ्या मायनं बाजारात मांडीवर धरून काढून घेतलंय. आन् उजळ होऊन आता कुठं नांदायला जायचंय मला?"

मला बरे वाटले. सावळी त्वचा रंगवताना उजेडासाठी नुसता पांढरा मिसळला, तर चेहरा राख फासल्यासारखा दिसतो. म्हणून मी खाली हिरवट मातीरंग देते आणि तो सुकल्यावर तांबूस रंगाचे पातळ, पारदर्शक थर चढवते. या थरांना ग्लेझ म्हणतात. त्या गालावर सात ग्लेझ होते. ते वाचले, असे मी समजले. मग कानाचा प्रश्न आला.

उजव्या कानाची पाळी खालपर्यंत फाटलेली होती. तिची दोन टोके वेगवेगळी लोंबत. दुसऱ्या सिटिंगला केसांवर उजेड हवा म्हणून मी पदर खाली घ्यायला सांगितला, तेव्हा ती दिसली. पुढे सगळे चित्र मी त्या पाळीभोवतीच बांधले. संयोजकांना फोटो पाठवला, तर त्यांनी लगेच नाव सुचवले : 'सोसणं'. मला ते आवडले. पाळी कशी फाटली, हे त्यांनी मला विचारले नाही आणि मी मावशींना.

"वैरण टाकत होते," मावशी म्हणाल्या. "म्हशीनं मान हलवली, शिंग कानातल्या फुलात अडकलं. म्हशीचं कुनी नाव घेतलं न्हाई. गावानं म्हनलं, नवऱ्यानं वढलं. त्या मानसानं मला कधी बोट लावलं न्हाई, बाई. तो गेला, तरी मी कान झाकूनच हाय. दिसला, की पुन्हा त्याचंच नाव निघतंय. तुमाला काय वाटलं होतं?"

मला काय वाटले होते, ते छापायला गेले होते.

"केसांसाठी पदर काढा म्हनलात, म्हनून काढला," त्या उठत म्हणाल्या. "हे चित्र असं लावू नका. नांदेडात आमचे सोयरे हायेत."

संध्याकाळी मी संयोजकांना फोन केला.

"मॅडम, कान गेला तर त्या चित्रात उरतं काय?"

"सोजरबाई."

"नाव छापायला गेलंय."

"थांबवा."

"मग मधली भिंत दुसऱ्या चित्राला द्यावी लागेल."

"द्या."

सोपा उपाय एकच होता : कानावर पदर रंगवून टाकायचा. पण तैलरंगाचे थर वर्षांनुवर्षे मुरत पारदर्शक होत जातात. झाकलेले कधीतरी खालून डोकावू लागते. चाळीस-पन्नास वर्षांनी तो कान पुन्हा उजेडात आला असता, आणि तोवर कोणाची तक्रार उरली नसती. मोह झाला, हे मान्य करते. मग सुरी घेतली आणि कान पार कॅनव्हासच्या विणीपर्यंत खरवडून काढला. तांबूस पापुद्रे टेबलावर पडले. त्या जागी जांभळा पदर आणि इरकली काठ आला. रंग लवकर सुकावा म्हणून त्यात ड्रायरचे थेंब घातले. तरीही चित्र टेम्पोत चढले तेव्हा काठ बोटाला चिकटत होता.

नांदेडला ते कोपऱ्यात, स्विचबोर्डाशेजारी लागले. खाली फक्त सोजरबाईंचे नाव होते. वर्तमानपत्रांनी उरलेल्या अकरा चित्रांविषयी लिहिले.

तिसऱ्या दिवशी मावशी थोरल्या जावेला घेऊन आल्या. जाऊबाई बराच वेळ चित्र न्याहाळत राहिल्या.

"लई कडक दिसायलीस की! आमच्या भाऊजींनी बघितलं असतं, तर हसले असते."

"हसले असते," मावशी म्हणाल्या, आणि जावेला हाताला धरून पुढच्या चित्राकडे घेऊन गेल्या.

आता पहिल्या सिटिंगला मी कुंचला उचलत नाही. काय झाकायचे आहे, तेवढे विचारते. का झाकायचे, हे पुढे कधी कळते, कधी कळत नाही. पदर रंगवण्यासाठी ते कळण्याची गरज नसते.