खिशातला कापूस

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अंबरनाथच्या आमच्या वर्कशॉपात तपासणीला एक काका होते. त्यांच्या खिशात कायम कापूस असायचा.

परदेशातला एक छोटा उपग्रह आपल्या मोठ्या उपग्रहासोबत एकाच रॉकेटमधून जाणार होता. त्याला धरून ठेवणारी रिंग मी लेथवर केली होती. माप अगदी बरोबर होतं. काकांनी कडेवरून कापूस फिरवला, तर डोळ्यांना न दिसणाऱ्या धातूच्या कुसळात एक तंतू अडकला.

"पाहुणा आपल्या गाडीतून जाणार, तर त्याला आपला ओरखडा नको रे," म्हणाले आणि कानस घेऊन माझ्याशेजारी बसले.

रिंग द्यायला उशीर का झाला, ते साहेबांनी विचारलं. मी अजून नोकरीत कायम झालो नव्हतो. काका म्हणाले, "कापूस संपला होता, साहेब."

खिसा तेव्हाही फुगलेलाच होता.