दोन भेटी, घरं बंद

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. ती शेवटची आजारी होती तेव्हा तिच्या उशाशी बसून सांगावंसं वाटलं होतं — पण तिने विचारलं, "काय म्हणताय?" आणि मी म्हणालो, "काही नाही, पाणी हवंय का?" आता माझंही वय झालं. पण माझं अक्षर अजून दुसऱ्याला वाचता येतं. म्हणून लिहितोय. तुम्ही माझे कोण? ओळखीचेही नाही. कदाचित म्हणूनच जमेल.

मी हुबळीला महापालिकेच्या पाणी विभागात कनिष्ठ अभियंता होतो. राहायला देशपांडे नगरात. तेव्हा गावात नळाला पाच-सहा दिवसांनी, कधी आठवड्याने पाणी यायचं. मग ठरलं, की पालिका आणि एक खासगी कंपनी मिळून चोवीस तास पाणी देणार. पाइप कंपनी टाकणार, मीटर बसवणार, काही वर्षं कारभार बघणार. घरांची यादी मात्र पालिकेने द्यायची. कंपनी आली, आता पाणी विकणार, म्हणून पुष्कळ आरडाओरडा झाला. मी विरोधात नव्हतो. आजही नाही. जिथे ते पाणी पोचलं तिथल्या बायकांचा नळापाशी बसून जाणारा अख्खा दिवस वाचला, हे मी पाहिलंय. पण मला योजनेबद्दल कुठे सांगायचंय? बघा — पुन्हा वळसा घालतोय.

यादीबद्दल सांगायचंय. नियम साधा होता. प्रत्येक घरी जायचं, सगळं समजावून सांगायचं, सही घ्यायची. घर बंद असेल तर दुसऱ्या एखाद्या दिवशी परत जायचं. दोन्ही वेळा बंद आढळलं तरच ते घर दुसऱ्या टप्प्यात टाकायचं. सोबत त्या भागाचं पाणी सोडणारा व्हॉल्व्हमन असायला हवा, आणि त्याचं नाव फॉर्मवर.

माझ्या भागात टेकाडावर एक गल्ली होती. तेवीस घरं आणि एक सार्वजनिक नळ. गवंडी, हमाल, खानावळींना ज्वारीच्या भाकरी करून देणाऱ्या बायका. आमचा व्हॉल्व्हमन मारुती तिथलाच. त्या गल्लीत जायचं म्हणजे दारोदारी प्रश्न. जागेचे कागद नाहीत, जोडणी मिळेल का? बिल थकलं तर तोडणार का? आणि आमचा नळ? — त्या नळाचं उत्तर मला ठाऊक होतं. खालच्या रस्त्याला नवं पाणी सुरू झालं, की तो बंद होणार होता. करारातच तसं होतं. हे त्या बायकांच्या तोंडावर सांगायची मला भीती वाटत होती. कामाचा ताण होता, मुदत जवळ आली होती, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. भीती होती. बस.

आदल्या दिवशी मारुती म्हणाला, "साहेब, उद्या नका येऊ. एळ्ळ अमावास्या हाय. माझी पण रजा टाकलीय. गल्लीत मांजर तेवढं गावंल तुम्हास्नी!"

आमच्याकडे त्या दिवशी माणसं डबे बांधून आपापल्या गावाकडच्या शेतात जातात. उभ्या पिकात नैवेद्य शिंपडतात — चरग म्हणतात त्याला — आणि तिथेच पंगत बसते. हे मला लहानपणापासून माहीत. "बरं, परवा बघू," असं मी मारुतीला म्हणालो.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच गेलो.

कळलं ना? चुकून नाही गेलो. दारं बंद असणार म्हणूनच गेलो. तेवीस कुलपं मोजली, कट्ट्यावर बसून फॉर्म भरले. अमावास्येची तारीख लिहिली असती तर कोणीही ओळखलं असतं. म्हणून आधीची एक आणि नंतरची एक, अशा दोन तारखा टाकल्या. शेरा — दोन भेटी, घरं बंद. सोबत — मारुती. त्याचं नाव लिहिताना हात अडला का? नाही. रकाना होता, भरला.

खालच्या रस्त्याला चोवीस तास पाणी आलं. टेकाडावरचा नळ काढला गेला. मग देवळाच्या आवारात बैठक झाली. लोक कंपनीच्या नावाने ओरडत होते. कंपनीचा तरुण अधिकारी शांतपणे उठला आणि त्याने माझा फॉर्म वाचून दाखवला. तारखा वाचल्या. मारुतीचं नाव वाचलं.

भाकरीवाली सुमनअक्का उभी राहिली. "काय रे मारुतीअण्णा? माझी चूल पहाटेपासनं पेटलेली असती. माझं दार बंद दिसलं तुला? डोळं कुठं गहाण टाकलंस?"

मारुती म्हणाला, "मला काय ठावं न्हाई अक्का. साहेबच हाईत की इथं. साहेब, सांगा की तुम्ही."

सगळे माझ्याकडे वळले. एक वाक्य पुरेसं होतं.

मी म्हणालो, "फॉर्मवर आहे तसंच आहे."

दुसरा टप्पा वर्षानुवर्षं आला नाही. पालिका म्हणायची काम कंपनीचं, कंपनी म्हणायची यादी पालिकेची. दोघंही खरं बोलत होते. गल्ली टँकरवर राहिली. साहेब बाहेरचा, मारुती घरचा; त्यानेच दारं बंद आहेत सांगून मला खालूनच परत फिरवलं, असं गल्लीने धरून चाललं. टँकर आला की मारुतीच्या बायकोच्या घागरी ओळीच्या शेवटी ढकलल्या जायच्या — "व्हॉल्व्हवाल्याच्या घरी पाण्याला काय तोटा?" पुढे त्यांच्या दारात कोणी हळदी-कुंकवाला येईना. मारुतीने मला एकदाही काही विचारलं नाही. मी त्याचा साहेब होतो. घर सोडून तो बायकोच्या गावी, कलघटगीकडे गेला. मी अडवलं नाही. खरं सांगू? सुटल्यासारखं वाटलं.

इथेच थांबलो असतो तर निदान एवढंच झालं असतं. पण मागच्या वर्षी त्या गल्लीत पाणी आलं. छोटा कार्यक्रम होता. जुने साहेब म्हणून मलाही बोलावलं. शाल दिली. सुमनअक्का आता म्हातारी झालीय. माझा हात धरून म्हणाली, "अप्पा, तुम्ही दोन-दोनदा खेटे घातलात आमच्यापायी. त्या मारुतीनं मात्र गल्ली बुडवली बघा."

मी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे अक्का. आता माफ करून टाका त्याला."

बाजूच्या बायका म्हणाल्या, साहेबांचं मन मोठं आहे.

त्या दोन्ही तारखांना मारुती गल्लीत घरं बघायला आला नव्हता. मीही आलो नव्हतो.