बोटाचा ठसा

मी डहाणूच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. चर्चमध्येसुद्धा चमत्काराच्या साक्षी सुरू झाल्या की मी खाली मान घालून बसायचो... म्हणून हे लिहायला संकोच वाटतो.

आमचं घर सायवनजवळच्या पाड्यावर. बाबा दर नाताळला बांबूच्या कामट्यांचा तारा बांधायचे आणि भाताची खळ करून त्याला पतंगाचा कागद चिकटवायचे. यंदा दोन टोकं लावून झाली आणि त्यांच्या छातीत दुखलं. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना पुरलं.

खळीचा डबा तसाच राहिला. वाळून दगड झालेल्या खळीत बाबांच्या बोटाचा ठसा होता — कोयत्याने शेंडा उडालेलं बोट, लगेच ओळखू यायचं. आई रोज त्यात आपलं बोट ठेवून बसायची. मीही ठेवून बघितलं होतं. खळ टणक होती.

नवव्या दिवशी तलासरीला दिलेली माझी ताई आमच्याकडेच बाळंत झाली. मुलगा झाला. आईने त्याला मांडीवर घेतलंच नाही. शेजारची काकी म्हणाली, "नातू आलाय, जरा हस की."

"देवाने तोंड एकच दिलंय," आई म्हणाली. "रडू का हसू?"

पास्टर म्हणाले, दोन्ही चालतं. तिला ते पटलं नाही. खरं तर मलाही नाही. आम्ही सगळे फार दमलो होतो.

चौदाव्या दिवशी, भरदुपारी, बाळ रडत होतं. डब्यापाशी बसलेल्या आईने मला हाक मारली.

"बोट गेलं रे."

डब्यातली खळ ओली होती. पांढरी, कोमट, जरासुद्धा आंबूस वास नाही. ठसा कुठेच नव्हता. मला रागच आला, कुणी पाणी ओतलं म्हणून. पण ताई खाटेवर, काकी बाजाराला... आणि वाळलेली खळ पाणी घालून अशी ताजी होत नाही, एवढं तरी मी शिकलोय.

त्या ठशासाठी आई खूप वेळ रडली. मग डोळे न पुसताच म्हणाली, "कागद आण. सुकायच्या आत लावू."

उरलेली तीन टोकं तिनेच लावली. खळ बरोबर पुरली. मग हात धुऊन तिने बाळाला मागून घेतलं. तिचं रडू थांबलं नव्हतं, तरी त्याला थोपटत ती नाताळचं गाणं गुणगुणत होती.

कॉलेजातले सर म्हणाले, खळ आतून वाळलीच नसेल. असेल. पण माझ्या बोटाला ती टणकच आठवते. याच्यापुढे मला काही सांगता येत नाही.

तारा दारावर आहे. डबा रिकामा झालाय, पण आईने तो अजून घासलेला नाही. मीही नाही.