हाली आणि हालु

फसली १३४६, खुर्दाद महिन्याची सात तारीख, म्हणजे इंग्रजी १९३७चा एप्रिल. त्या दिवशी डॉक्टरांनी मला वीस हाली परत केले. हाली म्हणजे तेव्हाचा निजामी रुपया. खोलीत चौघं होतो: अंथरुणावर बायको, तिच्या उशाशी माझी थोरली बहीण अक्का, डॉक्टर आणि मी.

बायकोला तीन महिने ताप होता. आमच्या कमलनगरपासून चार कोसांवर दवाखाना, तिथून हे डॉक्टर टांग्यानं यायचे. ते कलबुर्गीकडचे, घरी कानडी बोलणारे. मागच्या खेपेला टांग्यात चढता चढता म्हणाले होते, "सकाळी एक, रात्री एक. हालु. एक दिवस चुकवू नका."

कानडीत हालु म्हणजे दूध, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण डोक्यात खर्चाची आकडेमोड चाललेली. मी ऐकलं हाली. रोजचे दोन म्हणजे फार झाले, तरी तिच्या जिवापुढं घासाघीस केली नाही. दहा दिवस कंपाउंडरकडं पैसे पोचते केले. तो आगाऊ म्हणून लिहून घेई. इकडं अक्कानं, कफ होतो म्हणून, दूध बंदच ठेवलेलं.

अकराव्या दिवशी डॉक्टर आले. बायकोचं मनगट हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हालु चालू आहे ना, अप्पा?"

"एक दिवस खाडा न्हाई, साहेब. वीस झाले."

"वीस! जड न्हाई गेलं?"

"मला जायलंय, पण देतो."

"तुम्हाला? तुम्ही कामून पिताय?"

अक्कानं कपाळावर हात मारला. "अरे येड्या, दूध म्हणायलेत ते!"

पंधरा दिवसांत धड न बोललेली बायको भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "ह्यांना रुपयाच ऐकू येतो."

डॉक्टर हसले नाहीत. कंपाउंडरनं त्यांच्याकडं दिलेले वीस हाली त्यांनी माझ्यापुढं ठेवले. म्हणाले, "दहा दिवस बाईंचे गेले. चूक माझी. तुमच्या घरात मी तुमच्या बोलीत सांगायला पाहिजे होतं. हे गवळणीला द्या."

त्यानंतर आठ महिने ते दर मंगळवारी आले. प्रत्येक सूचना मराठीत सांगत आणि माझ्याकडून परत वदवून घेत. अक्काचं कफाचं म्हणणंही त्यांनी उडवून लावलं नाही. दुधात सुंठ घालायला सांगितली. भेटीचा एक हाली तेवढा घेत. त्या अकराव्या दिवसाचा घेतलाच नाही. एवढा शिकलेला माणूस, पण आमच्यासमोर चूक कबूल करायला त्यांना क्षण लागला नाही. मला लागला असता.

मार्गशीर्षात बायको स्वतःच्या पायांनी विहिरीवर गेली. दुधाचे दोनशे चाळीस शेर झाले होते, दोन आण्यांनी तीस हाली. वीस आधीच दिलेले. उरलेले दहा बायकोनं स्वतः गवळणीच्या हातात मोजून ठेवले.