मार्थाबाईंचा टँकर

मार्थाबाई कोणाच्याही घरी गेल्या की बसायच्या आधी पाणी मागायच्या. तहान असो वा नसो. हातातल्या पेल्याकडे एकदा नीट बघायच्या, घटाघटा प्यायच्या आणि म्हणायच्या, "पानी सगळीकडं गोडच असतं, मी पेला बघते." त्या येताना दिसल्या की आमच्या चौकातल्या बायका चांगला पेला शोधायला धावत. माझी बायकोही त्यात आलीच.

नगरपालिकेच्या सभेत आम्ही शेजारी बसायचो. मी चौकाचा नगरसेवक, त्या शेवटच्या गल्लीच्या. माहेर कोल्हारचं, प्रवरेच्या काठचं, त्यामुळे पाण्याच्या बाबतीत बाईंचा तोरा जरा जास्तच. त्यांची गल्ली शेवटची, पण ती गावाच्या हिशेबात. पाण्याच्या टाकीपासून ती पहिलीच. तरी उन्हाळ्यात भरलेला टँकर त्यांच्या दारावरून तसाच चौकात यायचा आणि परत जाताना तळाचं गढूळ पाणी त्यांच्या हंड्यांत ओतायचा. ड्रायव्हर बाळू तसा वाईट नव्हता. कोणत्या गल्लीत कोणती जात राहते हे त्याला पाठ होतं, एवढंच. चौकाची अर्थातच काही तक्रार नव्हती.

भांडून झालं, अर्ज देऊन झाले. मग बाईंनी शेजारच्या गावच्या नगराध्यक्षांना फोन लावला. तिकडेही हेच रडगाणं होतं. "तुमचा डायवर आमाला द्या, आमचा तुमी घ्या," बाई म्हणाल्या. "परक्याला गल्ली कळती, जात न्हाई कळत."

सभेत एकाने चेष्टा केली, "बाई, ही काय सोयरीक आहे का?"

"सोयरीकच हाय. फकस्त हुंडा न्हाई."

ठरावात 'भेदभाव' हा शब्द मात्र त्यांनी येऊ दिला नाही. "त्यो घातला की समदे उठून जातील. डायवरचं प्रशिक्षन म्हना." ठराव एकमताने पास झाला. मीही उत्साहाने हात वर केला.

नवा ड्रायव्हर टाकीवरून निघाला आणि लागली त्या पहिल्या गल्लीत थांबला. चौकात नुसता कल्ला. पण उन्हाळा सरता सरता तोही चौकात चहा प्यायला लागला आणि टँकर पुन्हा बाईंच्या दारावरून पुढे जायला लागला. बाई चिडल्या नाहीत. "ह्याला आता गाव कळलं," म्हणाल्या, "बदला." त्यांनी तिसरी नगरपालिका गाठली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात तीन गावांचे ड्रायव्हर फिरतात.

यंदा ऐन उन्हाळ्यात बाई गेल्या. सभेतली शेजारची खुर्ची आता मला बघवत नाही. त्यांच्या मातीहून परतलो, तर तिसऱ्या गावचा ड्रायव्हर नुकताच रुजू झालेला. शेवटच्या गल्लीत काठोकाठ हंडे भरत होते. चौकात टँकर आला तेव्हा दिवस कलला होता. बायको अर्धा हंडा घेऊन आत आली, त्यातलं पाणी तिने चांगल्या पेल्यात ओतलं आणि पेला उजेडाला धरला.

"असलं पानी मार्थाबाई इतकी वर्सं पीत हुत्या व्हय?"

मी पेला घेतला आणि घटाघटा प्यायलो.